तीस मैलांच्या पुढं

११ जानेवारी १९७३, गुरुवार

जीप आज दुपारी सुरू झाली. दोन मेलेल्या जिपांची एक केली. चासी आणि पुढचा एक्सल लिलावात घेतलेल्या जिपेचा. इंजिन, स्प्रिंगचे पाटे आणि बॉडी हैदराबादच्या जुन्या बाजारातली. दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्या, दोन्हींच्या वेगाच्या घड्याळाचे काटे अजून मैलांत. सव्वा महिना लागला. तेरणाकाठ सहकारी संघाचे चेअरमन हिंमतराव यांनी स्वतः नारळ फोडला आणि चार माणसांत म्हणाले, "महालिंगप्पा मिस्त्री नसते तर संघाला पाण्याची गाडी मिळाली नसती."

हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतो. हायवेला मोठं गॅरेज झाल्यापासून ट्रकवाले उमरगा गावात शिरत नाहीत. दोन वर्षांत माझ्याबद्दल चार माणसांत कुणी बोललं नव्हतं.

जीपमागं ट्रॉली, ट्रॉलीवर टाकी. माकणीच्या वाटेवर दुष्काळी कामावर चारशे माणसं खडी फोडतात. तिथल्या विहिरींनी तळ दाखवलाय. दिवसाला चार खेपा करायच्या.

ड्रायव्हर म्हणून संघानं श्रीपतीला ठेवलंय. तिशीच्या आतला आहे, फौजेत सात वर्षं जीपच चालवलेली. बौद्धवाड्यातला. मला त्याचं काही नाही, हाताखाली सगळ्या जातीची माणसं ठेवली मी. चहा पाजला. कप वेगळा, पण तो धुऊन कोनाड्यात नीट ठेवलेला असतो, त्यात काही अपमान नाही. त्यानं उभ्यानं चहा घेतला, कप स्वतः विसळला आणि लगेच जिपेखाली वाकून बघायला लागला. ते मला आवडलं नाही. गाडी मी केली, तो चालवणार. वाकून काय बघायचं?

१५ जानेवारी, सोमवार

चौथ्याच दिवशी तक्रार.

"मिस्त्री, तीस मैलांच्या पुढं स्टेरिंग हलायलंय," श्रीपती म्हणाला. "आधी बोटांत मुंग्या आल्यागत होतंय, मग सगळं चाकच थरथरतंय. पंचवीसला आणलं की गप."

मी म्हणालो, टायर. चार टायर चार घरचे आहेत, दुसरं काय होणार? पुढची मागं टाकली, मागची पुढं. स्वतः चौरस्त्यापर्यंत चालवून आणली. अठ्ठावीसपर्यंत काही जाणवलं नाही. पुढं रस्त्यात बैलगाड्या होत्या, म्हणून जास्त पळवली नाही.

१८ जानेवारी, गुरुवार

थरथर आहेच. आज पुढची दोन्ही चाकं तोलली. चाक उचलून हातानं फिरवायचं आणि सोडायचं; जड बाजू आपोआप खाली येते. तिच्या समोरच्या बाजूला शिशाची पट्टी. बेअरिंगही आवळल्या. मनासारखं काम झालं. हायवेवरच्या पोरांना विचारलं असतं तर त्यांनी टायर बदला म्हणून सांगितलं असतं, एवढंच.

शरणम्मा जेवताना म्हणाली, "अवो, चष्मा करून घ्या. शिशाची पट्टी डोळ्याला लावून बघत होताव." तीस वर्षं बोटांनी काम केलंय, डोळ्यांनी नाही.

२२ जानेवारी, सोमवार

आज डोकं फिरलं. आधी काय झालं ते लिहितो.

संघाचा कारकून महांतप्पा गॅरेजात बसला होता. तेवढ्यात श्रीपती आला. शिशानं दोन दिवस बरं वाटलं, म्हणाला, पुन्हा तेच. आणि मग महांतप्पाच्या देखत:

"मिस्त्री, रागावू नका. वळण घेऊन स्टेरिंग ढिलं सोडलं की चाक आपलं आपण सरळ यायला पायजे. ह्याचं येत न्हाय, ओढून आणावं लागतंय. आमच्या युनिटात एका जिपेचं असंच झालतं. एक्सलखालची पाचर उलटी बसली होती. ओळंबा लावून एकदा बघता का?"

महांतप्पा माझ्याकडं बघून हसला. मी श्रीपतीला म्हणालो, "तू ड्रायव्हर हाईस, मिस्त्री मी हाय. तुझ्या जन्माच्या आधीपासून पाना हातात हाय माझ्या."

"व्हय," तो म्हणाला. किल्ली घेऊन गेला.

पाचर म्हणजे काय ते ह्या वहीला सांगायची गरज नाही, पण राग आला की लिहावंसं वाटतं. सायकलचा पुढचा चिमटा जरा कलता असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. जिपेच्या पुढच्या एक्सलला तसाच कल लागतो. एक्सल एका जिपेचा आणि पाटे दुसरीचे, म्हणून मध्ये लोखंडी पाचर घालून मी तो कल दिला. दोन बाजूंना दोन पाचरी. जाड बाजू पुढं. हे मला हैदराबादच्या ओस्तादानं पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मी ते विसरेन?

त्या नऊ तारखेला दिवस मावळत आला होता, पूजेचा मुहूर्त ठरलेला, आणि हिंमतरावांचा माणूस डोक्यावर उभा राहून "झालं का मिस्त्री, झालं का मिस्त्री" करत होता. पण जाड बाजू पुढंच बसवली. बसवलीच.

उघडून बघायला अर्धा दिवस लागतो. अर्ध्या दिवसाचं काही नाही. पण श्रीपतीनं सांगितलं म्हणून महालिंगप्पानं एक्सल उतरवला, हे महांतप्पा उद्या सगळ्या संघात सांगेल. ते मी होऊ देणार नाही.

२७ जानेवारी, शनिवार

पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांडीची, म्हणजे टायरॉडची, दोन्ही टोकं सोलापूरहून आणून बदलली. जुनी खरंच ढिली होती, हातानं खुळखुळत होती. महांतप्पाला मुद्दाम बोलावून दाखवली. "हे बघ कारण," म्हणालो. तो "व्हय की" म्हणाला.

१ फेब्रुवारी, गुरुवार

टायरॉड बदलूनही तक्रार येतेच, म्हणून आज श्रीपतीशेजारी बसून खेपेला गेलो. टाकी भरलेली. त्यानं तीसच्या पुढं नेली आणि एक खड्डा लागला. एकदम हुडहुडी भरल्यागत स्टेरिंग हलायला लागलं. पुढचं बोनेट हललं, माझे दात वाजले. बाजूला खोल पाणंद होती. तिकडंच जातोय असं वाटलं. श्रीपतीनं ब्रेक मारला नाही. पाय काढला, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं, आणि बावीसवर येऊन गाडी शांत झाली. सगळं चार-पाच दम टाकण्याएवढ्या वेळात. मी घाबरलो होतो. त्यानं ते बघितलं आणि समोर बघत राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं.

कामावर बायकांची रांग लागलेली. श्रीपतीची बायको जाईबाई तिथंच खडी फोडते. गाडी दिसली की ती इतर बायकांना म्हणते, "सरका गं, आमच्या मालकाला गाडी लावू द्या." तिच्या तोंडावर तेव्हा जे असतं ते मी बघितलं. शरणम्मा माझ्याबद्दल कधी अशी बोलली असेल का, कोण जाणे.

मला वाचवल्याबद्दल काही बोलावं असं येताना वाटत होतं. उमरगा आलं. मग म्हणालो, "किंगपिन असतील. मागवतो."

"मागवा," श्रीपती म्हणाला. थोड्या वेळानं, "पाचर?"

मी खाली उतरलो.

८ फेब्रुवारी, गुरुवार

चाकं ज्यांच्यावर वळतात ते किंगपिन बदलले. तीन दिवस खपलो, गुडघा सुजलाय. आता पस्तीसपर्यंत थरथर नाही. स्वतः बघितलं.

वळणावर स्टेरिंग ढिलं सोडलं तर चाक सरळ येत नाही, हेही बघितलं. नवे बुश कडक असतात, रुळले की येईल. श्रीपतीला हे सांगितलं नाही. सांगून तो पुन्हा तेच काढणार.

१४ फेब्रुवारी, बुधवार

चार खेपांच्या तीन झाल्या आहेत. श्रीपती बाविसाच्या पुढं गाडी नेतच नाही. काल कामावर बायकांची टाकीजवळ मारामारी झाली, एकीचं डोकं फुटलं. हिंमतराव आज दोन सभासदांना घेऊन गॅरेजात आले. श्रीपतीलाही बोलावलं होतं.

"गाडीत दोष हाय म्हणतो हा," चेअरमन म्हणाले. "मिस्त्री, तुम्ही एका शब्दात सांगा. गाडी का ड्रायव्हर?"

इथं खरं लिहायचं असं ठरवूनच ही वही सुरू केली. त्या क्षणी माझ्या मनात चाक आलं नाही, पाचर आली नाही. मनात एवढंच आलं की "गाडी" म्हणालो तर हे उद्या हायवेच्या गॅरेजकडं जीप नेतील, आणि तिथली पोरं माझं काम उघडून बघतील.

"गाडी ठीक हाय, साहेब," मी म्हणालो. "हात भ्यालाय त्याचा."

श्रीपतीनं माझ्याकडं बघितलं. मी पाना पुसत होतो.

"ऐकलंस?" चेअरमन त्याला म्हणाले. "उद्यापासून चार खेपा. जमत नसंल तर किल्ली आत्ताच ठेव."

त्यानं किल्ली ठेवली नाही. घरात बायको, म्हातारी आई, दोन लेकरं. कुणीच ठेवली नसती.

२१ फेब्रुवारी, बुधवार

आठवडाभर चार खेपा व्यवस्थित. काही झालं नाही. म्हणजे माझंच खरं होतं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

व्हायचं ते झालं.

सकाळच्या दुसऱ्या खेपेला, कामाच्या अलीकडच्या उतारावर. खडीचा ढीग रस्त्यात आलेला, त्यावर पुढचं चाक चढलं आणि स्टेरिंग सुटलं. जीप आडवी गेली, ट्रॉली उलटली. ढिगापाशी बसलेल्या चौघी उठून पळाल्या. पाचवी धुरपदाबाई, वय झालेलं, तिला उठता आलं नाही. टाकी तिच्या पायावर पडली.

निरोप आला तसा मी सायकलवर गेलो. दहा माणसांनी टाकी उचलली होती. बाई शुद्धीवर होती आणि "माझं खोरं कुठं हाय, माझं खोरं" एवढंच विचारत होती. पलीकडं टाकीतलं पाणी खड्ड्यात साचलं होतं आणि बायका लुगड्याच्या पदरानं गाळून ते घागरीत भरत होत्या.

श्रीपती रस्त्याच्या कडेला बसला होता. स्टेरिंगची दांडी फिरून उजव्या मनगटावर बसली होती. हात भलत्याच बाजूला वळलेला. जाईबाई त्याच्यापुढं बसून त्याच्या तोंडावर पाणी मारत होती आणि रडत होती. तो मला म्हणाला, "मिस्त्री, म्या तीसच्या आतच होतो." पुन्हा एकदा तेच म्हणाला.

वाटेवरच्या एका ट्रकवाल्यानं दोघांना उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. धुरपदाबाईला तिथून पुढं सोलापूरला.

२८ फेब्रुवारी, बुधवार

दोन बैलजोड्या लावून जीप माझ्या गॅरेजात आणली. पुढचा मडगार्ड चेपलाय, एक दिवा फुटलाय, बाकी जीप धड आहे. चेअरमनचा निरोप आला: शुक्रवारी संचालकांची बैठक, तोवर गाडी तपासून दोष आहे का नाही ते सांगा.

दिवसभर मडगार्ड ठोकत बसलो.

१ मार्च, गुरुवार

आज बाजारचा दिवस. शरणम्मा बाजाराला गेली, शेजारची दुकानं मोकळी पडली. शटर अर्धं खाली ओढलं. जॅक लावला, पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट सोडले.

डावी पाचर काढून हातात घेतली. बोटांनी चाचपली, मग शटरखालून येणाऱ्या उजेडात धरली. जाड बाजू मागं होती.

मला वाटलं, एकच असेल. उजवी काढली. तीही.

तिथंच टायरवर बसून राहिलो. बाहेर बांगड्या विकणारी बाई ओरडत गेली. डोक्यात ओस्ताद आला नाही, धुरपदाबाई आली नाही. डोक्यात हेच येत होतं की तीस वर्षांत माझं एक काम परत आलेलं नाही. एकही नाही.

मग मी दोन्ही पाचरी सरळ केल्या. जाड बाजू पुढं. बोल्ट आवळले. काम करताना बरं वाटत होतं. हेही लिहितो.

दुपारी जीप एकट्यानं हायवेला नेली. तीस, पस्तीस, चाळीस. पंचेचाळीसला नेली. वळण घेऊन हात सोडला. चाक आपोआप सरळ आलं. दीड महिना ही गाडी अशीच चालली असती.

शरणम्मानं विचारलं, "शटर कशाला ओढलं होतं?"

"ऊन येत होतं," मी म्हणालो.

२ मार्च, शुक्रवार

बैठक संघाच्या हॉलमध्ये. सात संचालक, चेअरमन, लिहायला महांतप्पा. श्रीपती दाराशी उभा, हात गळ्यात बांधलेला. त्याला कुणी बस म्हणालं नाही. मी खुर्चीवर होतो.

चेअरमननी मला विचारलं, "गाडी तपासली?"

"तपासली."

"दोष?"

"आजच्या घडीला गाडीत दोष न्हाय, साहेब."

श्रीपती दारातून म्हणाला, "मिस्त्री, पाचर बघितलाव का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"बघितली," मी म्हणालो. "बराबर हाय."

एक शब्द खोटा बोललो नाही. पाचर बघितली होती, आणि ती बरोबर होती. घरी येताना रस्ताभर मी हेच स्वतःला सांगत होतो, आणि सांगताना कळत होतं की जो माणूस खोटं बोललेला नसतो तो असं मोजून बघत नाही.

श्रीपतीला कामावरून काढलं. निष्काळजीपणा, असं लिहिलं. चेअरमन म्हणाले, पोलिसात देत नाही, हे उपकार समज. महांतप्पानं कागद पुढं केला. श्रीपतीनं डाव्या हाताचा अंगठा लावला. सही येणारा माणूस, पण उजवा हात चालत नव्हता.

शरणम्मानं संध्याकाळी विचारलं, "त्या ड्रायव्हरचा हात कसा हाय?"

"बराय."

१२ मार्च, सोमवार

नवा ड्रायव्हर चेअरमनच्या बहिणीचा मुलगा, बलभीम. लायसन आठ महिन्यांपूर्वीचं. ब्रेक उशिरा मारतो, गिअर करकरवतो. तरी दिवसाला पाच खेपा करतो, चाळीसनं पळवतो, आणि गाडी रेषेत जाते. आज गॅरेजात येऊन चार माणसांत म्हणाला, "काय गाडी केलीय मिस्त्रीनं! लोण्यागत चालतीया. तो उगंच बोंबलत होता." सगळे हसले. मीही हसलो.

१६ मार्च, शुक्रवार

श्रीपती आला होता. बलभीम जीप लावून चहाला गेला होता, मी आत होतो. बाहेर आलो तर श्रीपती जिपेखाली, एका हातावर भार देऊन आडवा झालेला. मी थांबलो. हटकायचं सुचलं नाही.

तो उठला, पाठीची माती झटकायचा प्रयत्न केला, एका हातानं पोचली नाही.

"बोल्टाचे आटे नवे उघडलेत," तो म्हणाला. "पाचरीला जिथं थापलेली धूळ होती ती कड आता आत गेलीया. उलटवलाव."

मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर मलाही ओरडता आलं असतं. तो अगदी हळू बोलत होता.

"फौजेत मिस्त्रीची चूक झाली की मिस्त्री लिहून देतो. दोन दिवस बोलणी खातो, संपलं. तुमी चूक केलाव ह्याचं मला काही न्हाय, मिस्त्री. चूक माझ्याकडनंबी झाली असती. मला एवढंच लिहून द्या की माझा हात चुकला न्हाय. मी दुसरीकडं कामाला जाईन. निष्काळजी ड्रायव्हर म्हणून मला कुणी दारात उभं करत न्हाय."

"हात कसा हाय?" मी विचारलं.

त्यानं पट्टी सोडून दाखवला. मनगट वाकडंच जुडलंय, मूठ मिटत नाही. मग म्हणाला, "धुरपदाबाईचा पाय गुडघ्याखाली काढला. परवा."

बलभीम चहाहून येताना दिसला. मी म्हणालो, "बघतो. विचार करतो."

"करा," श्रीपती म्हणाला. जाताना जिपेच्या बोनेटवरून डावा हात फिरवत गेला.

२३ मार्च, शुक्रवार

आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. आज हिंमतरावांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. पाचर उलटी मी बसवली. श्रीपतीनं दोनदा सांगितलं. मी बघितली नाही. नंतर सरळ केली आणि बैठकीत बोललो नाही.

चेअरमन सुपारी कातरत होते. कातरणं थांबलं नाही.

"आणखी कुणाला सांगितलाव?"

"न्हाय."

"मग मलाबी सांगितलं न्हाय असं समजा." सुपारी तोंडात टाकली. "मिस्त्री, गाडी संघाची. दोष गाडीत निघाला की त्या बाईचा पाय संघाच्या गळ्यात येतो. पाण्याची गाडी बंद होते. चारशे माणसांनी काय प्यायचं? तुमचं मन हलकं व्हावं म्हणून त्यांनी तहानलेलं राहायचं का?"

"श्रीपतीचं..."

"त्याला दुष्काळी कामावर लावतो, मुकादमाला सांगतो. हात मोडलेल्याला पाटी उचलायला लावत न्हाय, नाव पुकारायला बसवू. झालं?" मग ते उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाशीच्या बाजूला आणखी एक गाडी लागणार हाय. जुनी जीप बघून ठेवलीया. ती तुम्हीच करायची."

मी तिथून निघालो तेव्हा हलकं वाटत होतं. लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं. सांगायचं ते मी सांगितलं होतं. ऐकणाऱ्यानं पुढं काय करायचं ते ऐकणाऱ्यानं ठरवलं. आणि चारशे माणसांचं ते म्हणाले ते काही खोटं नाही.

श्रीपतीला लिहून दिलेलं नाही.

३१ मार्च, शनिवार

श्रीपतीला नाव पुकारायला बसवलेलं नाही. मुकादम म्हणाला, मला असं कुणी सांगितलंच नाही. चेअरमनला पुन्हा विचारायला गेलो नाही.

श्रीपती काम शोधायला हैदराबादला गेलाय असं कळलं.

९ एप्रिल, सोमवार

बलभीम पाहुण्यांच्या लग्नाला गेला, म्हणून आज पाण्याची गाडी मीच नेली. ऊन असं की स्टेरिंगला फडकं गुंडाळावं लागलं. कामावर आता साडेपाचशे माणसं आहेत. गाडी दिसताच रांग झाली. मी तोटीशी उभा राहून एकेक घागर भरून देत होतो.

नवव्या का दहाव्या जागेवर जाईबाई होती. वाळली आहे. घागर तोटीखाली धरून म्हणाली,

"मिस्त्री, एक इचारू का?"

"विचार."

"आमचे मालक जाताना सांगून गेले, खोट गाडीत होती. पाचर का काय ती उलटी होती, तुमी मागनं सरळ केलाव म्हनं." ती घाईघाईनं बोलत होती, रांगेला ऐकू जाऊ नये म्हणून वाकून. "म्या त्यास्नी म्हनलं, उगं दुसऱ्याच्या माथी मारू नगा. मिस्त्रीनं दर बारीला गाडी उघडून बघितली, सोलापूरहून सामान आनलं. आमचं लई भांडन झालं त्याच्यावरून. बोलले न्हायत माझ्याशी, तसेच गेले."

घागरीत पाणी पडत होतं. ती थांबली, मग आणखी हळू म्हणाली,

"त्या सकाळी म्याच त्यास्नी बोलले होते. फौजेत होताव आन् जिपेला भितालाव, म्हनलं. लोकांच्या नवऱ्यावानी चालवा की. नोकरी गेली तर लेकरांनी काय खायाचं? म्हनून त्येनी जोरात आनली आसंल. माझ्या बोलण्यानं ती म्हातारी लंगडी झाली, असं वाटतंय मला. झोप लागत न्हाय. तुमी खरं सांगा, मिस्त्री. गाडीत काय होतं का?"

घागर भरून पाणी तिच्या हातावरून सांडायला लागलं. मागच्या बायका ओरडल्या. मी तोटी बंद केली.

सांगायला एवढं सोपं होतं. तो तीसच्या आतच होता. तुझ्या बोलण्यानं काही झालं नाही. खोट गाडीत होती आणि ती माझ्या हातची होती. तीन वाक्यं. चेअरमन तिथं नव्हते, महांतप्पा नव्हता, कुणी नव्हतं.

"पुढं व्हा," मी म्हणालो. "मागं लई बाया हायत."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग मान हलवली, जणू मी उत्तर दिलं.

"तेच म्हनते म्या, गाडीत काय न्हवतं," ती म्हणाली.

घागर डोक्यावर घेऊन ती खडीच्या ढिगाकडं गेली. पुढच्या बाईनं घागर लावली. मी तोटी सोडली.